आत्याला आम्ही आळशी म्हणत होतो

मी आज जो काही आहे तो सुमनआत्यामुळे. दहावीनंतर बाबा मला आमच्या पिठाच्या गिरणीवर बसवणार होते. आत्या दोन एसट्या बदलून तालुक्याला गेली, सायन्सचा फॉर्म घेऊन आली आणि बाबांसमोर ठेवून म्हणाली, "सही कर. गिरणी मी बघते." आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या सहीतून झाला.

मी नोकरीसाठी म्हैसूरला निघालो त्या दिवशी अख्खी गल्ली स्टँडवर आली. आत्या नव्हती. तिचे 'पडायचे दिवस' चालू होते. वर्षा-दोन वर्षांतून एकदा ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायची ती दोन-दोन महिने. जेवण नाही, अंघोळ नाही, विचारलं तर "काही नाही रे." आई म्हणायची, "सासरी नांदली नाही, इथं काय कामाला लागणार?" बाबा म्हणायचे, "नाटकं." मी पाया पडायला आत गेलो आणि चिडूनच बोललो, "आज तरी उठायचंस, आत्या." तिनं डोळे न उघडता माझा हात चाचपला. गाडी चुकेल म्हणून मी तो सोडवून घेतला.

लष्कर मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानावर खोली मिळाली. मालक पांडूमामा. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, पण निम्मी कन्नड; 'रे'च्या जागी 'कणो'. नोकरी चांगली होती. सहा महिन्यांनी काहीतरी बिघडलं. उजाडायच्या कितीतरी आधी जाग यायची आणि दिवसभर अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. स्क्रीनवरची एकच ओळ तासभर वाचायचो. मला वाटलं, हा कृतघ्नपणा आहे. ज्याच्यासाठी एवढ्या लोकांनी एवढं केलं, त्याला रडायचा काय अधिकार? घरी फोन केला की बाबा तो स्पीकरवर टाकून सगळ्यांच्या मध्ये ठेवतात. मी सांगायचो, "मजेत आहे."

ओळखलं ते पांडूमामांनी. पँट कमी करायला दिली, तर ते माझ्याकडं बघतच राहिले.

"अय्यो, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा कंबर आत घेतोय की रे. जेवतोस काय नाही?"

"जेवतो, मामा."

"खोटं सांगू नको. कापड खोटं बोलत नाही, कणो. माझ्या धाकट्या भावाला असंच झालतं. चल उद्या."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागं बसवून त्यांनी मला चामराजपुरमला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडं नेलं. त्यांनी एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, जगू नये असं वाटणं, हे किती वेळा? समोर पर्याय. मी आयुष्यभर परीक्षा दिलेला मुलगा. प्रत्येक ठिकाणी चांगलं दिसेल ते उत्तर निवडलं आणि सवयीनं पेपर एकदा तपासूनही पाहिला. डॉक्टरांनी कागद बघितला, मला बघितलं, आणि नवा कागद पुढं केला. इंग्रजीतून म्हणाल्या, "इथं पहिला नंबर काढायचा नसतो. खरं लिहा."

या वेळी खरं लिहिलं. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालंय?"

"नाही. एक आत्या आहे, पण ती आळशी आहे."

त्यांचं पेन थांबलं. "आळशी म्हणजे काय करते?" मी सांगू लागलो. झोपते का? जेवते का? असं किती दिवस? आणि मधल्या काळात? "मधल्या काळात एकटी गिरणी चालवते," मी म्हणालो आणि टेबलावरच्या कागदाकडं बघितलं. आत्याबद्दल जे जे सांगत होतो, ते ते माझ्याच कागदावर माझ्याच पेनानं खूण केलेलं समोर पडलं होतं. वीस वर्षं आमच्या घरात एक आजारी बाई होती, आणि आम्ही तिला टोमणे मारत होतो.

"तपासल्याशिवाय मी नाव देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्यांना दाखवा." माझ्यापुरतं त्यांनी स्पष्ट सांगितलं: हे नैराश्य आहे, आजार आहे, स्वभाव नाही. रोज गोळी; गुण यायला काही आठवडे लागतात; बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. शिवाय दर आठवड्याला समुपदेशकांशी बोलायचं. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी मला चटणीची चव लागली. मी चमचा हातात धरून तसाच बसलो.

आत्या आता पुन्हा पडली आहे. "तिचं नेहमीचंच," बाबा म्हणाले, "तू कामाकडं बघ." स्पीकरवर तिच्याशी काय बोलणार? ती चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते. म्हणून मोठ्या अक्षरात पत्र लिहिलं, पाकीट डिंकानं बंद केलं, पत्त्यावर फक्त तिचं नाव घातलं आणि स्पीड पोस्टानं पाठवलं.

आत्या, साष्टांग नमस्कार.

मी इथं आजारी होतो. जेवण जाईना, झोप येईना, मेलो तर बरं असं वाटायचं. औषध घेतोय, उतार आहे. हे दुखणं काय असतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी तुला आळशी म्हणालो. परक्या डॉक्टरांसमोरसुद्धा म्हणालो. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

मी शनिवारी येतोय. सोमवारी साताऱ्याला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबांचं माझ्यावर सोड. गाडी दारात आणतो, केस विंचरले नसले तरी चालतील. जगू नये असं वाटत असेल तर त्यात लाजेचं काही नाही, पण शनिवारची वाट बघू नकोस, आईला हाक मार. फोन स्पीकरवरून काढायला लावून मी तिला सगळं सांगितलं आहे. ती रडली, रागावली नाही.

सोमवारी तुझ्यानं उठवलं नाही, तर आपण मंगळवारची वेळ मागू, नाहीतर बुधवारची. पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. आता घरी येतो म्हणजे तुझ्याच खोलीत येतो. माझं अंथरूण तिथं टाकायला सांग.

तुझा,
बाळू