शाळेतलं सरकार आणि माझ्या सासूबाई

माझ्या सासूबाई उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टर होत्या. आवाज असा खणखणीत, की ड्रायव्हरला घंटीची गरजच पडत नसे. निवृत्त झाल्या आणि बसमधला सगळा कारभार त्यांनी घरात आणला. आंघोळीला आधी कोण जाणार, दिवा कधी मालवायचा, खिडकी किती उघडायची, सगळं त्या ठरवायच्या. माझा नवरा कवळ्या बनवतो. त्यामुळे घरात दात ढीगभर, पण त्यांच्यापुढे तोंड उघडणारा एकही नाही. मीही मूग गिळून असायचे. मुलगी तान्ही होती, आणि भांडायला निदान एक हात तरी मोकळा लागतो.

त्या वर्षी नदी फुगली. पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा सखल भागातल्या सगळ्यांना होड्यांतून टेकडीवरच्या शाळेत आणून सोडलं. होडीवाले म्हणाले, "पाणी उतरेपर्यंत इथंच राहा, शिधा येत राहील," आणि पुढच्या लोकांना आणायला निघून गेले. शाळेत आम्ही सगळे उरलो, पण आमच्यावर कोणीच उरलं नाही.

आपल्याला कोणी विचारणारं नाही, हे कळायला माणसांना फार वेळ लागत नाही. आधी आलेल्यांनी वाचनालयातला गालिचा पटकावला. मागून आले त्यांच्या वाट्याला जिना. कोणीतरी पृथ्वीच्या गोलावर मोजे वाळत घातले. चादरींच्या गठ्ठ्यावर तर अशी झुंबड उडाली, की एका चादरीचे दोन मालक झाले आणि दोघांच्याही अंगावर ती पुरेना.

प्यायच्या पाण्याचा नळ एकच, मागच्या अंगणात. तिथं पैलवान उभा राहिला. तो आमच्याच गल्लीत व्यायामशाळा चालवायचा. त्यानं कितीतरी म्हाताऱ्यांना होडीतून उतरवून खांद्यावरून वर शाळेपर्यंत आणलं होतं, त्यामुळे त्याला नाही कोण म्हणणार? तो म्हणाला, "आधी माझी माणसं, मग बाकीचे." त्याची माणसं म्हणजे व्यायामशाळेतली पोरं. दंड एकेकाचा असा, की बादली त्यांच्या हातात फुलपात्रासारखी दिसायची. लोक निमूटपणे मागं सरकले. एका दिवसात आमच्यावर राज्य आलं, आणि ते कसं आलं हे कोणाला नीट कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तापानं फणफणलेलं मूल कडेवर घेऊन एक बाई नळावरून रिकामी बादली घेऊन परतली. सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि पदर खोचला. अंगणातल्या बाकावर चढून त्या ओरडल्या, "सरका पुढे! रांग एकच! लहान मुलं आणि आजारी माणसं पहिली. ए दादा, तू बाजूला हो, तुला काय उतरायचंय का इथं?"

आणि नवल म्हणजे रांग लागली! आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी त्यांच्या बसमधून प्रवास केलेला. तो आवाज ऐकला की पाय आपोआप हलायचे. पैलवानसुद्धा बाजूला झाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "मी काय करू, काकू?"

"हंडे उचल. अंग कशाला कमावलंयस?"

तो हंडे उचलू लागला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं हसू होतं. सगळ्यांवर हुकूम गाजवणं हे कष्टाचं काम आहे, हे त्याला बहुतेक एका दिवसातच उमगलं होतं.

संध्याकाळपर्यंत लोक सासूबाईंना प्रत्येक गोष्ट विचारू लागले. त्यांनी वर्ग वाटून दिले, म्हाताऱ्यांना जिन्यावरून उठवून गालिच्यावर नेलं, स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या. सगळे खूश होते. मीही होते. आमच्या घरापुरतं होतं ते आता सगळ्यांनाच भोगावं लागत होतं, त्यामुळे मला जरा हलकंच वाटत होतं.

पण हळूहळू मुख्याध्यापकांची खुर्ची अंगणात आली आणि सासूबाई तिच्यावर बसू लागल्या. मग जवळची चार शहाणी माणसं जमली: एक औषधाचा दुकानदार, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि आणखी दोघं. ही मंडळी मुख्याध्यापकांच्या खोलीत दार लावून चहा प्यायची. बाहेर आली की नवा नियम यायचा. पत्ते खेळायचे नाहीत. कॉरिडॉरमध्ये गाणं म्हणायचं नाही. खिडकीजवळची जागा पोस्टमास्तरांना, कारण त्यांना वारा लागतो. वारा आम्हाला लागत नव्हता का? पण विचारणार कोण?

आमच्या वर्गात एक शिंपीणबाई होत्या. बोलणं हळू, पण हातातली सुई कधी थांबायची नाही. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "वर्गात एका कोपऱ्याला पडदा लावू का? बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या आहेत."

"बसमध्ये असतात का पडदे? एवढी वर्षं लोक गेले ना!" सासूबाई म्हणाल्या.

मी मुलीला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते. रात्री मीच तो विषय काढला. त्यांनी "हो हो, बघू" म्हणून कूस बदलली.

शाळेत मुलांना गुंतवून ठेवायला एक मास्तर रोज फळ्यावर काहीतरी शिकवायचे. काम नसलेली मोठी माणसंही मागे येऊन बसत. एका दुपारी त्यांनी राज्य कसं सुरू झालं असेल ते सांगितलं. म्हणाले, "माणसं एकत्र राहू लागली, की पाण्यावरून, जागेवरून भांडणं होणारच. मग कोणीतरी ठरवायला लागतं. कधी एकजण ठरवतो, कधी थोडे मिळून ठरवतात, कधी सगळे. एकटा चांगला असला तर लोक त्याला राजा म्हणतात. तो कोणाचं ऐकेनासा झाला, की दुसरं नाव ठेवतात."

मागून न्हावी ओरडला, "मास्तर, मग आपल्या शाळेत सध्या कुठलं सरकार आहे?"

सगळा वर्ग खो खो हसला, आणि एकदम गप्प झाला. दारात सासूबाई उभ्या होत्या.

त्या तशाच मागं फिरल्या. जेवल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना अंगणात बोलावून म्हणाल्या, "मला हौस नाही राज्य करायची. आता सगळ्यांनी मिळून ठरवा. बघू या कसं जमतं ते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला प्रश्न आला, दुपारी भात करायचा की बटाटे उकडायचे? प्रत्येकाला बोलायचं होतं. भातवाले बोलले, बटाटेवाले बोलले. एकानं तर लहानपणी बटाट्यानं पोट कसं बिघडलं होतं, ते रंगवून सांगितलं. उन्हं कलली तरी चूल पेटलेली नव्हती. शेवटी पैलवान कळवळून म्हणाला, "काहीही शिजवा हो, पण शिजवा!"

मग मास्तरांनीच तोड सुचवली. प्रत्येक वर्गानं आपला एक माणूस निवडावा. निवडलेल्यांनी दार उघडं ठेवून बसावं, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. आठवड्यानं पुन्हा निवड. न्हाव्यानं त्यात भर घातली, "आणि नियम करणाऱ्याला नियम लागू." त्यावर सगळ्यांनी एका सुरात "हो" म्हटलं. भुकेल्या लोकांचं इतक्या लवकर एकमत झालेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निवड झाली. आमच्या वर्गातून सासूबाई उभ्या राहिल्या. समोर कोण? शिंपीणबाई. त्या स्वतः नको नको म्हणत होत्या, बायकांनीच त्यांना ढकललं.

मत हात वर करून द्यायचं होतं. सासूबाईंसाठी बरेच हात वर झाले, त्यात माझ्या नवऱ्याचा सगळ्यात उंच. मग शिंपीणबाईंचं नाव घेतलं. मी मुलीला डाव्या कुशीत घेतलं आणि उजवा हात वर केला. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चालत्या बसमधून उडी मारली. सासूबाईंनी पाहिलं ते वेगळंच. त्यात राग होता का, ते मला कळलं नाही.

सासूबाई थोडक्यात हरल्या.

त्या अंगणात जाऊन बसल्या. खुर्चीवर नाही, पायरीवर. मी चहा घेऊन गेले. कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"माझ्या विरुद्ध हात वर केलास?"

"हो, आई."

"आणि तोही चांगला सरळ! चोरट्यासारखा अर्धा वर केला असतास, तर आयुष्यभर बोलले नसते तुझ्याशी." मग म्हणाल्या, "पडद्यासाठी?"

"हो."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं."

"मग?"

"तुम्ही ऐकलं नाहीत."

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाल्या, "वाईट वाटतंय गं. खोटं कशाला बोलू? पण डोक्यावरचं ओझंही उतरलं. काल रात्री पहिल्यांदा झोप लागली मला इथं." आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं. "तो बटाटेवाला! त्याचं पोट लहानपणी बिघडलं, आणि उपाशी आपण!" दोघी इतक्या हसलो, की मुलगी दचकून रडायला लागली.

संध्याकाळी आमच्या वर्गात पडदा लागला, शाळेच्या नाटकाच्या सामानातल्या लाल कापडाचा. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई सासूबाईंकडे आल्या आणि म्हणाल्या, "नळाची रांग तुमच्याशिवाय कोणाला जमत नाही. आमच्या सगळ्यांचं तसं ठरलंय. घ्याल का?" सासूबाईंनी पदर खोचला आणि मी कधी न ऐकलेली गोष्ट केली. त्यांनी विचारलं, "किती वाजता सुरू करायची, ते तुम्ही सांगता का?"

पाणी उतरलं, आम्ही घरी आलो. चिखल काढताना कोणाच्या घरापासून सुरुवात करायची, हा प्रश्न आलाच. तेव्हा लोकांनी कोणी न सांगताच शाळेतलीच पद्धत गल्लीत चालू केली. ती अजून चालू आहे, फक्त निवड आता आठवड्याऐवजी वर्षानं होते. शिंपीणबाईंनी आपली मुदत संपल्यावर खुशीनं जागा सोडली. त्यानंतर न्हावी निवडून आला आणि त्याच्या कारभारात सभा कमी, गप्पाच जास्त झाल्या, म्हणून पुढच्या वेळी पडला.

यंदा सासूबाई निवडून आल्या आहेत. नदीकाठची भिंत उंच करायची मागणी घेऊन त्या आणि शिंपीणबाई नगरपालिकेत खेटे घालतात. तिथले साहेब म्हणे त्यांना लांबून पाहिलं तरी उभे राहतात. परवा भिंतीचं काम सुरू झालं. सासूबाई सकाळीच तिकडे गेल्या आहेत, आणि जेवायला येतील असं दिसत नाही.