लैलाच्या मशीनचे हप्ते

चाँदभाईंच्या समोर कुणी उधारीचं नाव जरी काढलं तरी त्यांचं डोकं उठायचं. चहाच्या टपरीवरसुद्धा आधी पैसे काढून ठेवतील, मग कपाला हात लावतील. त्यांच्या डाळज गावातली पोरं त्यांना मागून ‘रोख चाँदभाई’ म्हणायची, आणि चाँदभाईंना ते कळलं तेव्हा राग येण्याऐवजी त्यांना थोडा मानच वाटला होता.

याला कारण होतं. त्यांचे वालिद वारले तेव्हा चाँदभाई विशीत होते. जनाज्याच्या नमाजाआधी घरच्या माणसानं पुढं होऊन विचारायचं असतं, की मयतावर कुणाचं काही देणं असेल तर सांगा, ते माझ्याकडून घ्या. चाँदभाईंनी विचारलं. रिवाजच असतो तो, सहसा कुणी बोलत नाही. पण त्या दिवशी सुप्याच्या बाजारातला एक बकऱ्यांचा व्यापारी उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, “दोन बकऱ्यांचे पैसे ऱ्हायल्यात.” चाँदभाईंच्या खिशात काही नव्हतं. त्यांनी हातातलं घड्याळ काढून दिलं, आणि त्या भल्या गृहस्थानं ते घेतलंही. वालिदांचा जनाजा तेवढा वेळ तसाच समोर होता.

पुढं चाँदभाई सौदीला गेले ते पंचवीस-सव्वीस वर्षं तिथंच राहिले. दम्मामला एसी दुरुस्त करायचे. दोन वर्षांतून एकदा यायचे, दोन महिने राहायचे, जायचे. कमाई वाईट नव्हती. पण तीन बहिणींची लग्नं, आईचं डायलिसिस, धाकट्या भावाला, फिरोजला, हायवेवर काढून दिलेलं गॅरेज, यांत ती कुठं गेली ते त्यांनाही कळलं नाही. एवढं मात्र खरं, की कुणाचा एक पैसा अंगावर ठेवून ते परत आले नाहीत.

आणि या सगळ्या वर्षांत त्यांची बायको लैला फिरोजच्या घरातल्या मागच्या पडवीत राहिली. दीर-जाऊ वाईट नव्हते. पण घर त्यांचं. पाहुणे आले की लैलाचं शिलाई मशीन उचलून बाहेर, पाहुणे गेले की आत. पडवीला दार होतं, त्याला कडी नव्हती. चाँदभाई प्रत्येक वेळी जाताना म्हणायचे, “पुढच्या खेपंला आपलं घर.” लैला हसून म्हणायची, “मोठं नकोच मला. ज्या दाराची कडी मी लावीन न् मीच काढीन, येवढं एक दार द्या.”

कायमचे परत आल्यावर चाँदभाईंना बारामती एमआयडीसीत एका दूधडेअरीच्या शीतगृहात काम मिळालं. रोज मोटारसायकलवर जाणं-येणं. बारामतीतच दोन खोल्यांचा एक फ्लॅट बघितला. जवळ होतं ते घालून उरलेल्याला कर्ज काढायचं, असं ठरलं. कर्ज हा शब्द तोंडातून काढायलाच चाँदभाईंना महिना लागला. पण लैलासाठी म्हणून बँकेत गेले.

तिथं राजनंदिनी नावाच्या तरुण मॅडम होत्या. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, “काका, तुमचं सिबिल मायनस एक येतंय.”

चाँदभाई खुर्चीतून उठलेच. “मायनस? अवं, मी कुणाचा येक रुपया देणं लागत न्हाय!”

“म्हणूनच काका. तुमची नोंदच नाही. तुम्ही इथं कधी काही घेतलंच नाही, तर फेडता की नाही हे बँकेला कळणार कसं?”

“सौदीत विचारा की.”

“तिकडचं इकडं धरत नाहीत.”

चोराची निदान पोलीस ठाण्यात तरी नोंद असते. चाँदभाई अब्रू सांभाळत म्हातारे झाले आणि त्यांची नोंद कुठंच नव्हती. मॅडमनी समजावलं, एखादी वस्तू हप्त्यानं घ्या, वर्षभर वेळेवर भरा, मग या.

त्यांनी भिगवणच्या दुकानातून फ्रीज घेतला. पण उधारीच्या फ्रीजमधलं पाणी काही त्यांच्या घशाखाली उतरेना. जन्मभर दुसऱ्यांचे फ्रीज आणि एसी थंड करणारा हा माणूस घरी माठातलं पाणी प्यायचा आणि रात्रभर कुशी बदलायचा. पंधरा दिवसांत जाऊन त्यांनी सगळी रक्कम एकदम भरून टाकली आणि पावती घेऊन ऐटीत बँकेत गेले. राजनंदिनी मॅडमनी कपाळाला हात लावला.

“काका, कर्ज लोणच्यासारखं मुरू द्यायचं असतं हो. हे तर तुम्ही फोडी केल्या केल्या खाऊन टाकलं!”

घरी येऊन चाँदभाईंनी पावती फळीवर टाकली. लैलानं खोदून खोदून सगळं विचारून घेतलं आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, “कर्ज माझ्या नावावर घेऊ. मी वयानं ल्हान हाय, शिवणकामाचं पैसं येत्यात. तुमाला हप्ता असला की झोप येत न्हाय, मला झकास येती.”

मॅडमनाही ते पटलं. नोंद व्हावी म्हणून भिगवणच्याच दुकानातून लैलाच्या नावावर हप्त्यानं मोटरचं नवं शिलाई मशीन आलं, आणि तिनं नवऱ्याला ताकीद दिली, “ह्या हप्त्याला तुमी हात लावायचा न्हाय. येकदम भरायचं न्हाय. दर म्हैन्याला पाच तारखेला मी भरणार, माझ्या पैशानं.”

आणि ती भरायची. शाळेच्या गणवेशांचे, ब्लाउजांचे पैसे पदराला बांधून एसटीनं भिगवणला जायची, पावती आणून नवऱ्याच्या नाकासमोर नाचवायची. सहा महिन्यांनी मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, छान चाललंय, अजून थोडं. त्या दिवशी दोघं फ्लॅट बघायला गेले. लैलानं खोल्या बघितल्याच नाहीत. दाराशी उभी राहून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. चाँदभाई बाहेर जिन्यात राहिले होते. आतून ती म्हणाली, “कोण हाय?” चाँदभाई म्हणाले, “मी हाय.” “थांबा जरा,” ती म्हणाली, आणि बराच वेळ तिनं दार उघडलंच नाही. आत ती रडत होती की हसत होती, हे चाँदभाईंनी तिला कधी विचारलं नाही.

माघात एका सकाळी गणवेश शिवता शिवता तिचं डोकं मशीनवर टेकलं. फिरोजनं गाडीत घालून तिला बारामतीला आणलं. चाँदभाई कामावरून परस्पर दवाखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. जन्मभर तिनं त्यांची वाट बघितली होती, त्या दिवशी त्यांनी तिची बघितली. गाडी आली तेव्हा उशीर झाला होता. मेंदूतली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले.

दुपारनंतर कब्रस्तानात माणसं ओळीनं उभी राहिली. कडेला गावातली हिंदू मंडळीही होती, अप्पा, संभाजीराव, लैलाकडून पोरांचे गणवेश शिवून घेणारे सगळे. मौलानांनी चाँदभाईंकडं बघितलं. चाँदभाई पुढं झाले.

“मयतावर कुणाचं काय देणं असंल तर सांगा. मी द्यायला बांधील हाय.”

कुणीच बोललं नाही. कोण बोलणार? लैलानं आयुष्यात कुणाकडून वाटीभर साखर आणली तर परत देताना शीग लावून दिलेली.

“देणं हाय,” चाँदभाई स्वतःच म्हणाले. “मशीनचं हप्तं हायत तिच्यावर. ते मी घेतलं.”

मौलाना मान हलवून वळले. पण चाँदभाई जागचे हलेनात. मयताकडून कुणाला येणं आहे, हे विचारतात. मयताचं कुणाकडून यायचं राहिलंय, हे विचारायचा रिवाज नाही. विचारलं असतं, तर त्या अख्ख्या गर्दीत उभं राहायला एकच माणूस होता.

“तिचं माझ्यावर ऱ्हायलंय,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की फक्त फिरोजला ऐकू आलं. त्यानं भावाचा दंड धरला आणि त्यांना ओळीत आणून उभं केलं.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला चाँदभाई पैसे घेऊन भिगवणच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या सुप्रियाला सगळं कळलं होतं. लैला येऊन हिच्याशीच गप्पा मारत बसायची. सुप्रियाचे डोळे भरून आले.

“काका, थोडेच राहिलेत. एकदम भरून टाका आणि मोकळे व्हा. आता कशाला दर महिन्याला खेप?”

चाँदभाईंनी एका हप्त्याचे पैसे मोजून काउंटरवर ठेवले.

“येकच घे, पोरी. येकदम भरायचं न्हाय, म्हणलीय ती.” पावतीवर लैलाचं नाव छापून आलं. ते त्यांनी नीट वाचलं आणि पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली. “मला मोकळं व्हायचं न्हाय.”