तोडफोडे सरांचा प्रोग्राम

तोडफोडे हे सरांचं आडनाव नव्हे. ते त्यांना लोहाऱ्याच्या एमआयडीसीनं बहाल केलं होतं, आणि सर ते रोज नव्यानं कमावत. सर्किट बोर्ड बिघडला की सर आधी त्याला शिव्या घालायचे, मग भिंतीवर आपटायचे, आणि तरीही सुधारला नाही तर हातोडी घ्यायचे. एकदा तापलेली सोल्डरिंग गन माझ्या कानाजवळून गेली. "तुले नाही मारली पोरी, त्या चिपले मारली," हे वर मलाच ऐकवलं. दुसरी कुणी असती तर राजीनामा देती. पण त्या माणसावर माझा जीव होता, त्याला काय करणार?

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, रुई दाबून गठाणी बांधणारा प्रेस असतो. त्याचे कंट्रोलर आम्ही बनवायचो. प्रोग्राम सर लिहायचे, बोर्ड बसवायचे रफीकभाई फिटर. दोघांचं रोज वाजायचं. एकदा तर कॉलरी धरून दोघं कारखान्याच्या दारात धुळीत लोळले, आणि कपडे झटकून एकाच गाडीवर जेवायला गेले.

"काम झालं का प्रोग्राम संपला पायजे," हा सरांचा हट्ट. मेन स्विच टाकला की एक गठाण, प्रेस वर गेला की खेळ खलास. इकडच्या जिनिंगवाल्यांना तशीच सवय. चिपला शेवटी एका न संपणाऱ्या रिकाम्या फेऱ्यात अडकवून ठेवावं, असा शिरस्ता आहे. सर म्हणायचे, "कायले? संपलं म्हंजे संपलं." जुन्या चिपवर ते खपून गेलं, कारण तिचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, तो फेरा गुपचूप स्वतःच टाकायचा. यंदा चिपही नवी आली आणि कंपायलरही.

संगणकावर प्रोग्राम संपला की तो परत विंडोजच्या हवाली होतो. चिपमध्ये असं कुणी वाट पाहत नसतं. मुख्य फंक्शन संपल्यावर पुढे कुठे जायचं ते कंपायलर ठरवतो, आणि या नव्यानं चिपला सरळ पहिल्या ओळीवर नेऊन सोडलं. म्हणजे कुणी मेन स्विच पुन्हा टाकावा, तसंच.

जवळच्याच जिनिंगमध्ये नवा बोर्ड बसवला आणि पहिली गठाण निघाली. प्रेस वर जाऊन थांबला. काम संपलं, या भरवशावर रफीकभाईंनी अडकलेली रुई काढायला हात आत घातला. पंपाला दाब आला आणि प्रेस खाली कोसळला. हाड मोडल्याचा आवाज मला मशिनींच्या धडधडाटातही ऐकू आला. सरांनी पॅनेलमधल्या वायरी मुठीत धरून उपटल्या, पण तोवर रुई लाल झाली होती.

तसाच बोर्ड वणीच्या एका जिनिंगलाही गेला होता. सरांनी प्रेस बंद करा म्हणून फोन केला, तर तिथला मालक म्हणाला, "माल भरून राह्यलो, संध्याकाळी पाहू." रफीकभाईंना दवाखान्यात पोचवून सर रक्तानं भरलेल्या शर्टातच गाडीत बसले. मी शेजारी. वणीत चौकीदारानं अडवलं, तर त्याला आडवा करून ते आत घुसले आणि चालू पॅनेलवर हातोडी चालवू लागले. कामगार काठ्या घेऊन तुटून पडले. सरांचं डोकं फुटलं, तोंडातून रक्त आलं. "मारा बे, पण हात काढा आतून!" असं ते ओरडत राहिले, आणि पॅनेलचा चुरा होईपर्यंत हातोडी सोडली नाही. मी मध्ये पडले, मलाही दोन लागल्या.

रफीकभाईंचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. ते घरी आले त्या दिवशी सर डोक्याला पट्टी बांधून त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"मार मले, रफीक."

रफीकभाईंनी डाव्या हातानं अशी मुस्काटात हाणली की सर भिंतीवर आदळले. भाभी किंचाळल्या. मग त्याच हातानं त्यांनी सरांची कॉलर धरून त्यांना जवळ ओढलं.

"वणीच्या पोरायचे हात?"

"हायेत. सगळ्यायचे हायेत," सर रडत म्हणाले.

"मंग रडता कायले, साहेब?" असं म्हणता म्हणता रफीकभाईच सरांच्या छातीवर डोकं आपटून ओक्साबोक्शी रडायला लागले.