अल्पशा आजाराने नव्हे

रेहानाआपा गेल्याचं मला एका बॅनरवरून कळलं. सकाळी चाळीसगावहून जळगावला निघालेल्या एसटीत बसले होते. मोबाइल वाजला. आमच्या कोर्सच्या ग्रुपवर इन्स्टिट्यूटने फोटो टाकला होता. वर संस्थेचं बोधचिन्ह, मधे आपांचा तो डोळे ताणलेला पासपोर्ट फोटो, त्याखाली ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन, भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि अगदी तळाला, लाल पट्टीत, ‘पदवीनंतर एक वर्षाचा मेडिकल लॅबोरेटरी सर्टिफिकेट कोर्स. प्रवेश सुरू. मर्यादित जागा.’ जाहिरातीचा जुना साचा घेऊन कुणीतरी त्यात फोटो बसवला आणि खालची पट्टी काढायची राहून गेली, असं नंतर सांगण्यात आलं. राहून गेली असेल. पण तो फोटो ग्रुपवर दिवसभर तसाच होता आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती… मी एरंडोलच्या पुढे कुठेतरी खाली उतरले. का उतरले ते कंडक्टरलाही सांगता आलं नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि समोरून येणाऱ्या गाडीने घरी परत गेले.

याला आता काही आठवडे झाले. राग ओसरला की लिहू, असं ठरवलं होतं. तो ओसरत नाही, म्हणून तसाच लिहिते आहे.

आपा आमच्या वर्गात पहिल्या दिवशी आल्या तेव्हा आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. आम्हाला वाटलं, शिकवायला मॅडम आल्या. काळा बुरखा, हातात जेवणाचा डबा, नाकावर घसरलेला चष्मा. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “बसा गं बसा, मी पण फी भरूनच आलेय.” आम्ही नुकत्याच बी.एस्सी. झालेल्या मुली. त्यांची बी.एस्सी. धुळ्याला झाली होती, पण आमच्यातल्या काहींचा जन्मही व्हायच्या आधी. मग लग्न, तीन मुलं, सासूबाईंचा मधुमेह. सासूबाईंना तपासणीला नेता नेता लॅबच्या बाकावर बसून वर्षं गेली आणि तिथेच कधीतरी त्यांच्या मनात आलं, की काउंटरच्या पलीकडे मी का नाही? मुलं मोठी झाल्यावर त्यांनी ते खरं केलं. आठवडाभर जळगावला बहिणीकडे राहायच्या, शनिवारी दुपारच्या गाडीने धुळ्याला घरी. प्रवेशाच्या वेळी ऑफिसातल्या बाईंनी विचारलं होतं, “या वयात कशाला?” आपा म्हणाल्या होत्या, “पेशंट माझं वय नाही बघणार, हात कापतो का ते बघणार.”

आणि हात कापायचा! रक्त काढायला आम्ही एकमेकींवरच शिकलो. माझी पहिली वेळ होती तेव्हा कुणी दंड पुढे करेना. आपांनी बाही वर सरकवली. “काढ गं वैशाली. तीन बाळंतपणं झालीत माझी, तू काय करणार?” मी शीर चुकवली, परत चुकवली, त्यांच्या हातावर निळाजांभळा डाग उमटला, तरी त्या वर्गातल्या पंख्याकडे बघत गप्पा मारत राहिल्या. मग त्यांची पाळी आली. माझ्या हाताला सुई टेकवली मात्र, आपा पांढऱ्याफटक पडल्या आणि हळूच फरशीवर बसल्या. आम्ही पाणी आणेपर्यंत त्याच हसायला लागल्या होत्या. मायक्रोस्कोपशी तर त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. सगळ्या वर्गाला मिळून एक मायक्रोस्कोप, त्याचं भिंग धुरकट, त्यात आपांचा चष्मा. पांढऱ्या पेशींतल्या दोन जाती त्या दर वेळी उलट सांगायच्या आणि मग सरांशी वाद घालायच्या, की स्लाइडच चुकीची आहे. पण घरी बोलावून आम्हाला पोटभर खाऊ घालणाऱ्या त्याच, आणि माझ्या वडिलांनी लग्नाची घाई लावली तेव्हा त्यांना फोन करून, “भाऊ, पोरीचं वर्ष पुरं होऊ द्या,” असं ठणकावणाऱ्याही त्याच.

एका गोष्टीत मात्र त्या कधी चुकल्या नाहीत. प्रवेशाच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं, की इंटर्नशिपला पाठवण्याआधी सगळ्यांना कावीळ ‘बी’ची लस संस्थेतर्फे दिली जाईल. रक्ताशी काम करणाऱ्याला ती लागतेच, पहिल्याच धड्यात शिकवतात. आपा दर आठवड्याला विचारायच्या, “सर, लस कधी?” डायरेक्टर सर म्हणायचे, “होईल, होईल.” मग म्हणाले, “कॅम्प ठरतोय.” मग म्हणाले, “रेहानामॅडम, तुम्ही शिकायला आलात की चौकशी करायला?” आपा म्हणाल्या, “दोन्ही.” लस आली नाही. इंटर्नशिप आली.

आम्हाला शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये पाठवलं. शिकायला, असं म्हणायचं. प्रत्यक्षात तिथे पगारी माणसं कमी केली होती आणि त्यांच्या जागी आम्ही होतो. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांची गर्दी, रक्त आम्हीच काढायचं, बाटल्यांवर नावं आम्हीच लावायची, फरशीही आम्हीच पुसायची. आपांचा हात आता स्थिर झाला होता. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बाया त्यांच्याच खुर्चीपुढे रांग लावायच्या, कारण आपा त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायच्या. “डोया मिटी ले, आक्का,” असं म्हणायच्या, आणि ती आक्का डोळे मिटते न मिटते तोवर, “व्हई गयं बठ्ठं!” झालंसुद्धा सगळं. त्या काळात मी त्यांना जेवढं खुश पाहिलं तेवढं कधीच पाहिलं नाही. जे वीस वर्षं हवं होतं ते त्यांना मिळालं होतं.

वापरलेल्या सुया टाकायला तिथे जाड, झाकणाचा डबा हवा होता. तो नव्हता. तेलाचा रिकामा कॅन होता, तो भरला की सुया साध्या काळ्या पिशवीत जायच्या. आपांनी मालकांना सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. ‘मागवलाय’ हे उत्तर आम्हाला पाठ झालं होतं. कचरा बांधणाऱ्या मावशींना काढून टाकल्यावर ते काम आमच्यावर आलं. एका दुपारी आपा पिशवीची गाठ मारत होत्या. पिशवी फाडून सुई आली आणि हातमोज्यातून सरळ तळव्यात घुसली. कुणाच्या रक्ताची, ते देव जाणे. आपांनी हात नळाखाली धरला आणि शांतपणे मालकांना म्हणाल्या, “मला आजच्या आज लस पाहिजे आणि दुसरं इंजेक्शनही पाहिजे, तयार प्रतिकारशक्तीचं. उशीर झाला तर उपयोग नाही.” मालक मोबाइलमधून डोकंही वर न काढता म्हणाले, “अहो, साबणाने धुवा. आम्हाला किती वेळा टोचलंय, मेलो का आम्ही?”

हे वाक्य मी विसरणार नाही.

आम्ही दोघी रिक्षाने इन्स्टिट्यूटला गेलो. डायरेक्टर सरांचं म्हणणं पडलं, की घटना लॅबमध्ये घडली, तेव्हा लॅबने बघावं. लॅबचं म्हणणं, की या मुली आमच्या नोकरीवर नाहीत, तेव्हा इन्स्टिट्यूटने बघावं. भर दुपारी आम्ही या दारातून त्या दारात फिरत होतो. शेवटी आपा स्वतःच एका डॉक्टरांकडे गेल्या. लसीचा पहिला डोस तिथे मिळाला. दुसरं इंजेक्शन नाशिकहून मागवावं लागेल, म्हणाले. ते आलं, पण त्याची वेळ टळून गेल्यावर. आपा दुसऱ्या दिवशी परत कामावर हजर. मी चिडले. त्या म्हणाल्या, “इंटर्नशिपचे दिवस भरले नाहीत तर सर्टिफिकेट अडकवतील. मला त्यांच्या हातात काही ठेवायचं नाही.”

पुढचे दोन-तीन महिने काही झालं नाही. आम्ही जवळजवळ विसरलो. मग आपांना जेवण जाईना, जिना चढताना दम लागायला लागला. त्या उन्हाळ्याला दोष देत होत्या. एका सकाळी बसस्टँडवर त्यांना आणायला गेले होते. त्या गाडीतून उतरल्या, ऊन तोंडावर आलं, आणि मला त्यांचे डोळे दिसले. हळदीसारखे. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं.  लॅबमध्ये गेल्यावर म्हणाल्या, “माझं रक्त काढ.” या वेळी मी शीर चुकवली नाही. तपासणीचं कार्ड त्यांनी स्वतःच टेबलावर मांडलं. वर्गात असताना आम्ही हीच तपासणी एकमेकींच्या रक्तावर शिकलो होतो, तेव्हा त्यांच्या कार्डावर एकच रेघ उमटली होती. एक रेघ म्हणजे आजार नाही. आता दोन उमटल्या. मी म्हटलं, “आपा, किट जुनं असेल…” त्यांनी दुसरं कार्ड काढलं. पुन्हा दोन. मग चष्मा काढून ओढणीने पुसला आणि म्हणाल्या, “किट चांगलं आहे, वैशाली.”

ही कावीळ बहुतेकांची बरी होते. पुस्तकात तसं लिहिलंय, डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आम्हीही तेच धरून बसलो होतो. फार थोड्यांचं यकृत एकदम कोसळतं. आपा त्या थोड्यांत निघाल्या. आधी धुळे, मग नाशिक. फोनवर त्या असंबद्ध बोलायला लागल्या तेव्हा त्यांच्या मुलीने माझ्याशी बोलणं सुरू केलं. मी भेटायला जायच्या तयारीत होते, तेवढ्यात तो बॅनर आला.

इन्स्टिट्यूटने शोकसभा ठेवली. फोटोला हार, पुढे उदबत्ती. लॅबचे मालकही आले होते, पहिल्या रांगेत. डायरेक्टर सर बोलायला उभे राहिले. रेहानामॅडम जिद्दी होत्या, शिक्षणाला वय नसतं याचा आदर्श होत्या, अल्पशा आजाराने… एवढं मी ऐकलं. मग मी उभी होते. कशी उठले ते आठवत नाही. “अल्पशा आजाराने नाही, सर. सुईने. तुमची लस आली असती तर त्या आज इथे असत्या.”  सर म्हणाले, “बेटा, ही वेळ नाही.” मी म्हटलं, “त्या दर आठवड्याला विचारायच्या तेव्हाही वेळ नव्हती. मग कधी?” लॅबचे मालक म्हणाले, सुई आमच्याच लॅबमधली हे कशावरून? त्या क्षणी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. तिने सांगितलं, पिशवी तिनेही बांधली होती, तिलाही टोचलं होतं, आणि भीतीने ती कुणाला बोलली नव्हती. मग आणखी एक उठली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही लॅबमध्ये जाणं बंद केलं. लस द्या, डबे द्या, मग येतो. घरोघरी फोन गेले. माझे वडील म्हणाले, “पोरी, बठ्ठीकडे असंच शे. गुपचूप ऱ्हाय.” काही जणी परत गेल्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. बाकीच्या राहिलो. आणि मग, जो कॅम्प वर्षभर ‘ठरत’ होता तो आठवड्याच्या आत झाला. नव्या बॅचलाही लस मिळाली. त्याचाही बॅनर निघाला. ‘विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी संस्थेचा स्तुत्य उपक्रम’, डायरेक्टर सरांचा हसरा फोटो. आपांचं नाव कुठेही नाही. ज्या मुलींना टोचलं होतं त्यांच्या तपासण्या सुदैवाने ठीक आल्या. माझं सर्टिफिकेट मात्र अजून ‘सहीला गेलेलं’ आहे. जाऊ दे. लोक मला म्हणतात, काहीतरी चांगलं झालं ना शेवटी. मला हे ऐकवत नाही. दंडात सुई टोचायला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी एक बाई मरावी लागली, यात चांगलं काय आहे?

गेल्या रविवारी धुळ्याला गेले. आपांचे पती सलीमभाई शिंपी आहेत, शाळेचे गणवेश शिवतात. घराच्या पुढच्या खोलीतच मशीन आहे. जून जवळ आलेला, खोलीभर निळ्या कापडाचे गठ्ठे. धाकटी अलिया चहा घेऊन आली. बारावी सायन्सला आहे. मी तिला सांगणार होते, की या लाइनला येऊ नकोस. तोंडातून निघालं नाही. सलीमभाई काम करत करतच बोलत होते. “बेटा, माझी जिंदगी सुयांमध्ये गेली. किती वेळा बोटात गेली असेल. सुईने माणूस मरतं, हे मला माहीतच नव्हतं.” 

बोलता बोलता जाड शिवणीवर मशीनची सुई कट्कन मोडली. सलीमभाई खाली वाकले, फरशीवरचा तुकडा चाचपून उचलला, मशीनमधला उरलेला काढला. मशीनच्या पायाला सुतळीने एक पत्र्याचा डबा बांधलेला होता. झाकणाला वर बारीक चीर पाडलेली. त्यांनी दोन्ही तुकडे त्या चिरेतून आत सोडले.

“आधी मी केरातच टाकायचो,” ते म्हणाले. “तुमच्या कॉलेजात जायला लागल्यावर रेहानाने हा बांधला. खूप भांडली होती माझ्याशी. म्हणे, कचरा उचलायला बाई येते, तिच्या हातात सुई जाईल.”

त्यांनी नवी सुई लावली, दोरा ओवला आणि मशीन पुन्हा चालू केलं.