शिंपीकाकांची कॉपी

शिंपीकाकांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत चालल्या होत्या. मधुमेहावरच्या एका गोळीने ही खराबी मंदावते का, हे दवाखान्यात तपासत होते. काका त्यात सामील झाले. त्यांना मधुमेह नव्हता, तरी घरच्यांनी तत्परतेने त्यांची साखर बंद केली. दुसऱ्याला पथ्य पाळायला लावण्यात घर नेहमीच उत्साही असतं.

काकांना धास्ती वेगळीच होती. मुलाने बजावलं होतं, "दवाखान्यातल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत नापास झालात, तर कात्री माझ्याकडे द्यायची."

मग या होतकरू विद्यार्थ्याने मागच्या खेपेला लक्षात ठेवायला सांगितलेले पाच शब्द बाहीच्या आत खडूने लिहून नेले. काकूंनी नर्ससमोरच ती बाही उलटली.

"चाळीस वर्षं माझा वाढदिवस विसरलात, तेव्हा नाही सुचली कॉपी?"

नर्स म्हणाली, "काका, परीक्षा गोळीची आहे. तुम्ही कॉपी केलीत, तर कुचकामी गोळीसुद्धा पहिली येईल."

"मग गोळीलाच विचारा की शब्द."

नर्सने नवे पाच शब्द सांगितले. दहा मिनिटांनी काकांना त्यातले दोनच आठवले. सोबत आलेला मुलगा खिडकीबाहेर बघू लागला.

"दोनच लिहा, बाई," काका म्हणाले. मग मुलाकडे वळले. "आजपासून मापं तू लिहायची आणि मी कापायला बसलो की मोठ्याने वाचायची. कात्री मात्र मागू नकोस. माझे हात अजून काही विसरलेले नाहीत."