त्वचेवर अंगारा

एस्तेर गायकवाड गेली सोळा वर्षे नगरच्या एका रुग्णालयात मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण प्रतिमा काढण्याचे, काम करतात. पूर्वेकडच्या गावांतून येणाऱ्या काही स्त्रिया दुखऱ्या जागी नाथांचा अंगारा लावून येतात. भस्माचे कण प्रतिमेत पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात. आरंभीच्या कर्करोगाचे चुनखडीसारखे सूक्ष्म कणही तसेच दिसतात. म्हणून अंग पुसून प्रतिमा पुन्हा घ्यावी, हा नियम. नव्या मुलींना तो एस्तेरबाईंनीच शिकवला.

त्याच गावांकडच्या झुंबरबाई प्रथम आल्या तेव्हा छातीवर अंगारा होताच. प्रतिमेत ठिपके दिसले. एस्तेरबाईंनी ओला बोळा हाती घेतला, तोच झुंबरबाई म्हणाल्या, “बाई, उरका की. जीप निघंल. डायवर लई खवीस हाय, सोत्ताच्या सासूलाबी मागं ठिवून जातो.”

दोघी हसल्या. बाईंनी अंग पुसले. प्रतिमा मात्र पुन्हा घेतली नाही. चिठ्ठीवर ‘त्वचेवर अंगारा’ एवढे लिहिले, आणि त्या अनुभवी अक्षरावर अहवाल देणाऱ्या डॉक्टरांनी विश्वास ठेवला.

आयुर्वेदात प्रज्ञापराध असा एक शब्द आहे: बुद्धीला ठाऊक असूनही हातून घडणारी चूक. वैद्यांनी तो रोग्यांच्या वर्तनाविषयी योजला. येथे तो शुश्रूषा करणारीच्या वाट्याला आला.

दहा महिन्यांनी झुंबरबाई हाताला लागणारी गाठ घेऊन परतल्या. या वेळी त्वचा स्वच्छ होती, आणि ठिपके तेथेच होते. शिवाय दूरवर पसरलेले. सुईने काढलेल्या तुकड्यात कर्करोग निघाला. एस्तेरबाईंनी डॉक्टरांपाशी आपली चूक उघड केली. “अहवालावर सही माझीही होती,” ते म्हणाले. बाईंना त्या वाक्याचा आधार घेता आला नाही.

शस्त्रक्रियेची योजना अशी होती: कणांच्या दोन्ही टोकांना बारीक तारा बसवायच्या, मधला भाग काढायचा आणि लगेच त्याची प्रतिमा घ्यायची. कडा कणांपासून मोकळ्या असल्या तर स्तन राहील. नाही तर सगळाच काढायचा. झुंबरबाईंनी संमती दिली होती.

आदल्या दुपारी एस्तेरबाई त्यांच्या खाटेपाशी गेल्या. “झुंबरबाई, तुमचा पहिला फोटो मी पुन्हा काढायला हवा होता.”

“मंग आता काढला न्हवं?”

“रोग तेव्हाच दिसत होता. मी त्याला अंगारा समजले.”

झुंबरबाई पदराच्या टोकाशी चाळा करीत म्हणाल्या, “आन् मी नाथालाच बोल लावीत हुते. गाठ लागल्यापून दिवा न्हाई लावला.” मग म्हणाल्या, “जीप गेली तर जाऊ दे, आसं दटावायचं हुतं मला, बाई.”

दुसऱ्या दिवशी काढलेल्या भागाची प्रतिमा एस्तेरबाईंनीच घेतली. कण अगदी कडेपर्यंत होते. शल्यवैद्यांनी आणखी भाग काढला. त्याच्याही कडेला कण. हे सांगणारे दुसरे कुणी असावे, असे एस्तेरबाईंना क्षणभर वाटले. मग त्यांनी फोन उचलला. “डॉक्टर, कड मोकळी नाही.”

शुद्धीवर आल्यावर झुंबरबाईंनी विचारले, “ऱ्हायलं का?”

“नाही,” एस्तेरबाई म्हणाल्या.

झुंबरबाईंनी मान भिंतीकडे वळवली. एस्तेरबाईंनी क्षमा मागितली नाही; मागितली असती, तर ती देण्याचा भारही त्या अंथरुणावरच पडला असता.