वाचनखोली तळमजल्यावरच

वास्तुविशारदाच्या कचेरीत नकाशे काढणाऱ्या बाईला सगळे ‘पट्टी’ म्हणत. अठ्ठावीस वर्षांत तिची रेघ कधी वाकडी गेली नव्हती आणि साहेबांपुढे तिनं तोंडही उघडलं नव्हतं. ते गेल्या महिन्यात उघडलं.

कचेरीचा रिवाज असा, की नकाशा ज्यानं काढला त्यानं कोपऱ्यातल्या चौकटीत नाव घालायचं, आणि सभेत कुणी काही विचारलं तर उत्तरही त्यानंच द्यायचं. पट्टीच्याच गल्लीतल्या वाचनालयाची नवी इमारत व्हायची होती. साहेबांनी वाचनखोली वर नेली आणि खाली समारंभाचा हॉल काढायला लावला. लिफ्टवर स्वतःच्या हातानं काट मारली. राहिल्या बावीस पायऱ्या. पट्टीची आत्या एका पायानं अधू. आईबाप गेल्यावर तिनंच या भाचीला वाढवलं, त्याच वाचनालयाच्या बाकावर बसवून अक्षरं शिकवली. अजून रोज सकाळी ती तिथं पेपर वाचते. पट्टीच्या डोक्यात तिडीक गेली.

“यावर मी नाव घालणार नाही.”

“नाव घालायला काय जातं तुमचं?”

“आत्याची जागा जाते.”

साहेबांनी डोळे वटारले, नकाशाची गुंडाळी काखोटीला मारली आणि शनिवारी एकटेच वाचनालयाच्या सभेला गेले. पट्टीही गेली, एका हातानं आत्याला धरून, दुसऱ्या हातात रात्री जागून काढलेल्या स्वतःच्या नकाशाची गुंडाळी घेऊन.

नकाशा भिंतीवर लागला. आत्यानं विचारलं, “मी वर यायचं कसं?”

“लिफ्ट आहे ना, आजी!” साहेब म्हणाले.

“कुठाय? दाखवा बघू.”

साहेबांचं बोट फिरायला लागलं. जिन्यापाशी गेलं, संडासापाशी गेलं, परत जिन्यापाशी आलं. काय ठेवलं नि काय उडवलं हे लक्षात ठेवायचं काम कायम पट्टीचं. लोक हसायला लागले. पट्टीला मात्र हसू येईना, इतका संताप आला होता.

“नाहीये लिफ्ट,” ती उठून म्हणाली. “उडवली. हा घ्या माझा नकाशा. वाचनखोली खाली, हॉल वर. समारंभाला नटून येणाऱ्यांनी चढाव्यात पायऱ्या!”

वाचनालयाच्या अध्यक्षांनी खांबांचं विचारलं, उजेडाचं विचारलं. तिनं पटापट उत्तरं दिली. “हाच नकाशा घेऊ,” अध्यक्ष म्हणाले.

साहेब तिच्या कानाशी आले. “उद्यापासून कामावर येऊ नका.”

“उद्या रविवार आहे,” पट्टी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “नकाशावर नाव माझं आहे, सोमवारी नऊला येते. तुम्हीही वेळेवर या, लिफ्ट कुठं बसते ते शिकवते.”